हात आखडता

कायाओ बंदरात, मासळीची भुकटी करतात त्या कारखान्यामागे,
जिथं वास कपड्यांत मुरतो आणि मग कुणालाच येत नाही,
तामाशिरो लाँड्रीच्या माडीवर
बेचाळीस वर्षं एक माणूस पोरांना शिकवत होता
ठोसा लागू कसा द्यायचा नाही.

एउसेबियो तामाशिरो.
आजोबा ओकिनावाहून कान्येतेच्या उसात आलेले,
बाप इस्त्रीवाला, हा कराटेवाला.
वाफ तिघांच्याही नशिबात.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
सरांची महिना वीस सोल.
ज्याच्याकडे नसतील त्यानं बोनितो आणावा, ताजा,
आणि संध्याकाळी तोच मासा
आणणाऱ्याच्याच ताटात पडायचा, भातासकट.
वाढताना हात कधी आखडता घेतला नाही.
आखडता घ्यायचा तो फक्त ठोशाला.

पहिल्या दिवशी मला भिंतीसमोर उभं केलं.
भिंतीवर औषधाच्या दुकानातलं कॅलेंडर,
कॅलेंडरवर कुठलासा संत, काळाभोर, हातात झाडू.
"मार. संताला लागता कामा नये.
पण कागद हलला पाहिजे."
मी मारलं. संत छातीपासून फाटला.
"आता त्याची माफी माग,
आणि उद्या दुसरा घेऊन ये."
तीन संत लागले मला.
चौथ्याचा कागद हलला.

पदकं लोण्याच्या डब्यात होती, इस्त्रीच्या टेबलाखाली:
ला पाझ, काराकास, दोनदा किटो.
ती आम्ही चोरून पाहायचो.
ते स्वतः सांगायचे ती गोष्ट ग्वायाकिलची,
जिथं काहीच मिळालं नव्हतं.
उपांत्य फेरी. समोर चिलीचा आर्तेमियो,
दाढी नुकती फुटलेली,
आणि तो हसला.
म्हणजे सरांना तसं वाटलं. दातांची ठेवणच तशी होती त्याची.
पण एकवीस वर्षं तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर
न चुकता थांबलेला हात
थांबला नाही.

लाकडी जमिनीवर एक दात घरंगळत गेला,
पंचाच्या बुटापाशी थांबला.
(इथं सर दरवेळी बोटानं दाखवायचे, किती लांब.)
पंचानं विजेता दाखवला: जो खाली पडलेला, तो.

पुढं त्यांनी एकही स्पर्धा खेळली नाही.
मी विचारलं, भीती वाटली?
ते म्हणाले, नाही. बरं वाटलं होतं.
मारताना बरं वाटलं होतं.
आणि शर्टाची कॉलर उलटी करून इस्त्री फिरवत राहिले.

मी बारा वर्षांची असताना आर्तेमियो आला.
जाडा, टकला, सोन्याचा दात, फ्रिज विकायचा धंदा.
सर त्याच्यासमोर हात बांधून उभे. "मार."
त्यानं नेम धरला. त्याला वाटलं आपल्याला अजून थांबवता येतं.
नाही आलं.
नाकातून रक्त, पांढऱ्या पोशाखावर,
आणि दोघं म्हातारे हसत सुटले, इतके
की खालून लाँड्रीवाल्या बाया वर आल्या.
आम्ही रांगेत उभे,
वाकून नमस्कार करायचा की नाही, कळेना.

आता वर्ग मी घेते.
सर खिडकीपाशी बसतात, गुडघ्यावर घोंगडी.
उजवा हात थरथरतो: जेवताना, झोपेत, धुकं पाहताना.
डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं.
सर म्हणाले, नाव असू दे. थांबत का नाही ते सांगा.
कप मी अर्धाच भरते.
शर्टाची बटणं मी लावते, वरचं सोडून,
ते त्यांना स्वतः लावायचं असतं. पाव तास लागतो.
तेवढा वेळ मी बूट शोधत असते.

काल वर्ग सुटल्यावर वर गेले, दिवे बंद करायला.
सर भिंतीसमोर उभे, घोंगडी खाली पडलेली.
यंदाचं कॅलेंडर बँकेचं आहे, संत नाही,
नुसता एक पूल.
त्यांनी मूठ कमरेला घेतली.
ती कमरेलाच थरथरत होती.
मग सोडली.

मी जिन्यातच थांबले.
कागद हलत होता, बराच वेळ.
खिडकी उघडी होती का, ते मी पाहिलं नाही.